दोन अंडी, दहा लाखांची लेन्स

शिकार बंद झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी जूनमध्ये लडाखच्या हानलेला एक चक्कर मारावी. उंची सुमारे ४,३०० मीटर, पाऊस नावाला, पाण्याकाठी हिरवळीची एक पट्टी आणि बाकी सगळा वाळू-खडकांचा उघडा मुलूख. त्या पट्टीच्या कडेला भल्या सकाळी गाड्या लागलेल्या असतात. गाड्यांतून उतरतात ठिपक्याठिपक्यांची हिरवी जॅकेटं घातलेली माणसं. (पिवळ्या माळरानावर हिरवा रंग घालून नक्की कुणापासून लपायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही.) आणि त्यातली बरीचशी आपली असतात. पुणे, मुंबई, नाशिक. मराठीत कुजबुजतात, कुजबुज म्हणजे आपल्या पद्धतीची, पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल अशी.

या मंडळींना हवा असतो काळ्या मानेचा क्रौंच. जगातल्या १५ क्रौंच जातींपैकी शास्त्राला सगळ्यात उशिरा कळलेली ही जात. १८७६ साली रशियन प्रवासी प्रझेवाल्स्कीनं तिचं वर्णन केलं. भारतात ती घरटी करते ती फक्त लडाखच्या या उंच वाळवंटात, तीही मोजक्या जोड्यांनी. कागदोपत्री या पक्ष्याची जितकी काळजी घेतली आहे तितकी माझी-तुमचीही कुणी घेतलेली नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव, १९८७ पासून चांगथांग अभयारण्य, त्सो मोरिरी सरोवर २००२ पासून आणि त्सो कार २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत, आणि २०२१ मध्ये तर लडाखनं त्याला आपला मानाचा पक्षीच जाहीर केलं. एवढं सगळं असून त्याच्या घरट्याकडे गमबूट घालून चिखल तुडवत जाणाऱ्या माणसाला अडवायला तिथे चिटपाखरू नसतं.

घरटं कसं असतं ते आधी सांगतो, म्हणजे गुन्हा कळेल. उथळ दलदलीतला एखादा उंचवटा, भोवती पाणी, त्यावर गवताचा ढीग आणि बहुधा दोन अंडी. नर-मादी आळीपाळीनं महिनाभर उबवतात. भोवतीचं पाणी हाच खंदक. कुत्र्याला, कोल्ह्याला सहज ओलांडता येऊ नये म्हणून निवडलेला. पक्षी बिचारा एवढाच विचार करू शकतो; खंदक ओलांडायला वॉटरप्रूफ पँट विकत मिळते हे त्याला कुठून कळणार? माणूस जवळ आला की बसलेला पक्षी उठतो आणि चालू लागतो. आकांत करत नाही, अंगावर धावून येत नाही. म्हणून आमच्या कलावंतांना वाटतं, छान, सरावलाय आपल्याला. इकडे अंडी उघडी. जूनमध्येही तिथल्या पहाटे हाडं गोठवतात आणि वर डोमकावळे टपलेले असतात. उन्हाळा इतका आखूड की घरटं बुडालं तर पुन्हा अंडी घालून पिल्लं उडती करायला क्वचितच वेळ उरतो. पिल्लू उडायला तीन महिने लागतात, तोवर ते आईबापामागे पायीच फिरतं. त्या तीन महिन्यांतच आमचा टूर सीझन येतो.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २, पोटकलम १६: शिकारीची व्याख्या. ठार मारणं, विष घालणं, सापळा लावणं यांच्याच रांगेत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हेही लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, मी अर्थ काढत नाही. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद, जास्तीत जास्त ७. तेव्हा घरट्यावरून उठलेल्या क्रौंचाचा फोटो टाकून खाली 'निसर्गाशी एकरूप होण्याचा क्षण' असं लिहिणाऱ्या माणसानं हे समजून घ्यावं की त्यानं कबुलीजबाब दिलेला आहे, आणि तोही तारीख, वेळ नि जागेसकट.

मी हे बोललो की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं: खरा शत्रू भटकी कुत्री आहेत, आम्हा गरिबांना काय धरता? (दहा लाखांची लेन्स खांद्यावर घेऊन स्वतःला गरीब म्हणवणारी जमात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.) कुत्री अंडी आणि पिल्लं फस्त करतात, अगदी खरं. पण त्या ओसाड मुलखात कुत्र्यांच्या टोळ्या जगतात कशावर? लष्करी तळांच्या आणि पर्यटकांच्या तंबूंमागच्या खरकट्यावर. रात्री तंबूत तंगडी चघळायची, हाडं मागे भिरकवायची आणि सकाळी कुत्र्यांच्या नावानं गळा काढायचा, याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

दुसरं उत्तर जास्त सोज्ज्वळ असतं: आमच्या फोटोंमुळे जनजागृती होते. होते? तवांगमधल्या न्यामजांग छू नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी २०१६ मध्ये हरित लवादानं स्थगित केली, ती याच पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाकडे बोट दाखवून. ती लढाई तिथल्या मोनपा लोकांनी आणि लामांनी लढली. भूतानात फोबजिखा खोऱ्यात या क्रौंचांसाठी विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या. यातलं कुठलंही काम डोळ्यातलं बुबुळ स्पष्ट दिसेल अशा क्लोजअपनं झालेलं नाही. प्रझेवाल्स्कीच्या काळी पक्षी अभ्यासायचा तर मारावा लागे. निदान त्याच्यापुढे काही प्रश्न तरी होता. आमच्या मंडळींपुढे एकच प्रश्न: आयएसओ किती ठेवू?

ही सवय लडाखला लागलेली नाही, इथूनच बांधून नेलेली आहे. रोहित पक्षी उडताना हवेत म्हणून भिगवणला नाव थेट थव्यात घालायला लावणारे कोण? पावसाच्या तोंडावर जोडीदाराच्या शोधात असलेल्या नवरंगाला मोबाइलवर त्याचीच साद ऐकवून वेडा करणारे कोण? तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून झुडपाझुडपातून धावतो, आणि आम्ही म्हणतो, 'काय पोज दिली राव!' घरी हे खपतं, म्हणून चांगथांगमध्येही खपेल असं वाटतं.

आणि टूरवाले. यांच्या जाहिराती वाचा: अमुक पक्षी हमखास, तमुक घुबड हमखास. उघड्यावर फिरणारा पक्षी हमखास कसा दाखवता येतो? एकाच मार्गानं. त्याचं घरटं माहीत असायला हवं. हानलेच्या कड्यांतल्या मोठ्या घुबडाच्या कपारीपुढे लोक रांग लावून उभे असतात. मी एकदा पाहिलं, एक टूरप्रमुख गाडी रस्ता सोडून गवतात उतरवायला सांगत होता. लडाखी ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, ''सरजी, नीचे नहीं जाएगा. चिड़िया का बच्चा है.'' त्यावर आमचा बंधू मराठीत पुटपुटला, ''पैसे कशाचे घेतो मग हा?'' त्या थंडीत गवत उगवायला किती वर्षं लागतात आणि टायरचा वण किती वर्षं राहतो, हे त्या ड्रायव्हरला कळत होतं. टूरप्रमुखाच्या टी-शर्टवर 'निसर्ग वाचवा' छापलेलं होतं.

गंमत अशी की जवळ जाण्याची गरजच नसते. रस्त्यावर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, आत बसून राहा. गाडी हाच सगळ्यात चांगला आडोसा. चक्रवाक, पट्टकादंब चरत चरत आपणहून जवळ येतात, क्रौंचाची जोडी लांबून का होईना तासभर डोळे भरून बघता येते. पण लांबून काढलेल्या, भोवतीचा सगळा मुलूख दिसणाऱ्या फोटोला स्पर्धेत कोण विचारतो? परीक्षकांना पिसं मोजता यायला हवीत. हा रोग परीक्षकांच्या टेबलावरून सुरू होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. घरट्याचा, अंड्यांचा, चोचीत घास भरवतानाचा फोटो आला की तो पाहताक्षणी बाद करायचा, एवढं आपल्या मराठी मासिकांनी, दिवाळी अंकांनी आणि फोटो क्लबांनी ठरवलं तर पुढच्या वर्षी हानलेच्या दलदलीत निम्मे गमबूट दिसणार नाहीत.

तुम्ही यंदा लडाखच्या पक्षी-टूरचे पैसे भरणार असाल तर त्याआधी फोन करून एवढंच विचारा: क्रौंच दिसला नाही तर? ''दिसणारच, आपल्याला जागा माहीत आहे,'' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका.