अडथळा कशास म्हणावें?

सरकारी कामांत अडथळा! हे तीन शब्द आमच्या मावळांत पोरासोरांस पाठ झाले आहेत. लोणावळ्याच्या बाजारांत एखाद्या हातगाडीवाल्यानें "साहेब, माझा गुन्हा काय?" असें विचारावें, कीं लागलीच हा मंत्र त्याच्या कानीं पडतो आणि तो बापडा मुकाट्यानें गाडी ढकलूं लागतो. बंगलेवाल्यानें तोच प्रश्न केला तर अडथळा होत नाहीं, ओळख होते!

वाचकहो, कायद्यांत काय लिहिलें आहे तें पाहा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. जुनें १८६ वें कलम आतां २२१ वें झालें. सरकारी नोकराचें काम जाणूनबुजून अडविलें तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनें ३५३ वें तें आतां १३२ वें. त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तेथें हल्ला किंवा बळजोरी झालेली असावी लागते. नुसत्या प्रश्नांत बळजोरी कोठून आली? तोंडाला का हात असतात? शिवाय २२१ व्या कलमाच्या गुन्ह्याची दखल, त्या नोकराची, त्याच्या वरिष्ठाची अगर त्या नोकरानें अधिकार दिलेल्या दुसऱ्या सरकारी नोकराची लेखी तक्रार आल्यावांचून, कोर्ट घेऊं शकत नाहीं. ही गोष्ट गांवकऱ्यांस कोणी सांगत नाहीं.

पोराला धरून नेतांना आई "कोठें नेतां, कां नेतां?" म्हणाली, हा अडथळा नव्हे. अटकेचें कारण सांगणें, नातलगांस कळविणें, २४ तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें करणें, हीं तर पोलिसाचींच कामें! तीच आई शिपायाचा हात पिरगाळील किंवा गाडीपुढें आडवी पडेल, तर मात्र अडथळा होईल, आणि आम्ही तिची वकिली करणार नाहीं. अटक चुकीची वाटली तरी हात उगारूं नये. भांडण वडगांवच्या कोर्टांत करावें.

आतां ९ ऑगस्ट २०११ चा दिवस आठवा. पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनीं बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडविला. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई. रस्ता अडविणें गुन्हा आहे, जमाव पांगविण्याचा पोलिसांस अधिकार आहे, हें दोन्ही आम्हांस मान्य. पण पांगविणें म्हणजे जीव घेणें नव्हे. आणि अडलेला रस्ता सरकारास लागलीच दिसला. शेतकऱ्याचें म्हणणें अडून राहिलें होतें, त्या अडथळ्यास कोणतें कलम लावावयाचें?

गोळीबारानंतर थांबलेल्या त्या योजनेवरची स्थगिती सरकारनें २०२३ सालीं उठविली. म्हणजे पुन्हा सभा भरतील, पुन्हा अर्ज जातील, आणि पुन्हा तोच मंत्र ऐकूं येईल. त्या वेळीं आमच्या लोकांनीं हात खालीं ठेवावे आणि तोंड उघडें ठेवावें. अटक करणाऱ्यानें आपलें नांव स्पष्ट दिसेल असें लावलेंच पाहिजे; तें वाचावें. कलम कोणतें तें विचारावें. आणि शाळेंत जाणाऱ्या पोरानें नांव, वेळ नि कलम तेथल्या तेथें वहींत उतरून घ्यावें.