टोळ्या निघण्याआधी

गेवराई तालुक्यातलं तलवाडा काय किंवा बीडमधलं दुसरं कुठलं गाव काय, विकास आराखडा आणि घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे यावी लागते. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतलं जे कमी ते पुरे. पण 26 जानेवारीच्या सभेवेळी, ऐन गाळप हंगामात, ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत असतात. पक्क्या घराची निकड ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्याविनाच हात वर होतात. मुकादमाची आगाऊ उचल पावसाळ्यातच दारात पोचते. मग आराखड्याचा कागद दसऱ्याआधी का पोचू नये? टोळ्या निघण्याआधी यादी मोठ्यानं वाचा, हरकती तिथंच लिहून घ्या. तेवढंही जमत नसेल, तर हजेरीबुकातल्या सह्यांना लोकसहभाग म्हणू नका.