आधी मोहोळ, मग स्टुटगार्ट!



रात्री मेसमधून आल्यावर हॉस्टेलच्या गच्चीवर कसल्या गप्पा चालतात हे मला कुणी सांगायला नको. चार वर्षं मीही तिथेच बसत होतो. जीआरई, आयईएल्ट्स, एज्युकेशन लोन, कुठला सीनियर कुठे पोचला, व्हिसाला किती दिवस लागतात... ही सगळी माहिती आता मोबाइलवर मिळते. पण पोचल्यानंतर त्या परक्या गावात राहायचं कसं, यावर गच्चीवर कुणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो.

माझं मत सरळ आहे. ज्याला चार वर्षांत मोहोळमध्ये राहता आलं नाही, त्याला परदेशातही राहता येत नाही. तो तिथे नुसता मुक्कामाला असतो.

"हे जरा अतिच होतंय," असं वाटलं ना? मग ऐका.

मी जळगावचा. मेकॅनिकल करून २०१५ ला इथून बाहेर पडलो आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेलो. मर्सिडीज, पोर्शे, बॉश यांचं गाव. मेकॅनिकलवाल्यांची पंढरीच म्हणा ना! तिथे आम्ही चार मराठी पोरांनी मिळून एक फ्लॅट घेतला. कुकर होता, सोलापूरची शेंगाचटणी होती, रात्री जागून क्रिकेट होतं. पहिल्या रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत नसल्यामुळे चटणी आणि भातावर दिवस काढला, त्याचंही हसू आलं. म्हटलं, जमलं की! घर, लोकल ट्रेन, कॅम्पस आणि परत घर. पाचवं ठिकाण नाही.

डिसेंबर उजाडला आणि दुपारी साडेचारलाच अंधार पडायला लागला. एकदा हिशेब केला, तर अकरा दिवसांत आमच्या चौघांखेरीज कुणाशी मी एक पूर्ण वाक्य बोललो नव्हतो. एका विषयात उडालो. घरी फोनवर मात्र "मस्त चाललंय" हेच पालुपद. परतीच्या विमानाचं भाडं मी रोज रात्री बघत होतो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

अशातच एक दिवस आमच्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलं. आम्हाला वाटलं जाहिरात असेल, म्हणून ती खणात टाकली. आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या! हातात झाडू. आम्ही चौघंही घाबरलो. थोडं त्यांचं इंग्रजी आणि थोडं माझं मोडकंतोडकं जर्मन, असं करत उलगडा झाला. त्या भागात जुनी रीत आहे, बिल्डिंगचा जिना दर आठवड्याला एकेका घराने झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. या पाळीचं नाव 'केरवोखं'. वोखं म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. आपल्या केराचा आणि त्यांच्या 'केर'चा काही संबंध आहे की नाही देव जाणे, पण मला हसूच फुटलं. आजींना कारण सांगितलं, तर त्याही हसल्या.

मी जिना झाडला. त्या वर उभं राहून कोपरे दाखवत होत्या, अगदी आपल्या आयांसारख्या. मग त्यांनी विचारलं, "इथे यायच्या आधी कुठे राहत होतास?"

म्हटलं, "मोहोळ. चार वर्षं."

"काय पिकतं तिथे?"

त्यांच्या वडिलांचा द्राक्षाचा मळा होता, म्हणून त्यांनी सहज विचारलं. मी गप्प. "ऊस," म्हणालो अंदाजाने. "आणखी काय आहे तिथे?" मी म्हणालो, "आमचं कॉलेज." त्यांनी थोडी वाट पाहिली. माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं.

त्या रात्री स्टुटगार्टमध्ये बसून मी मोहोळ शोधलं. मेसमध्ये ज्या ज्वारीच्या भाकरीला आम्ही नावं ठेवायचो, त्या ज्वारीची मालदांडी ३५-१ ही नावाजलेली जात मोहोळच्याच संशोधन केंद्रातून आलेली आहे! रब्बीत पाऊस नसताना, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. चार वर्षं तिच्याच गावात ती खाल्ली आणि पत्ता नाही. नागनाथाच्या देवळात मी गेलो होतो फक्त परीक्षेच्या आधी. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, तेव्हा आम्ही घरी. मोहोळ म्हणजे आमच्या लेखी एसटी बदलायची जागा!

तेव्हा लक्षात आलं, की मी स्टुटगार्टमध्ये नवीन काहीच करत नव्हतो. मोहोळमध्ये जे चार वर्षं केलं, तेच तिथे चालू होतं.

मग सुरुवात केली. स्टुटगार्ट हे डोंगरांच्या कुशीतलं गाव. तिथे उतारांवर चारशेहून जास्त दगडी जिने आहेत. पूर्वी मळेकरी द्राक्षांच्या मळ्यात जायला ते वापरायचे. दर रविवारी दुकानं बंद, म्हणून मी एकेक जिना चढायचा ठरवला. वर गेल्यावर खाली अख्खं गाव दिसायचं आणि आपण राहतो कुठे ते पहिल्यांदा कळायचं. मळे बघताना पंढरपूरजवळच्या कासेगावची द्राक्षं आठवायची, तीही न पाहिलेली. आणि एक मजा कळली, स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून एकमेकांची भगिनी-शहरं आहेत. म्हणजे नातं आधीपासून होतं, पाहुणाच घराबाहेर पडत नव्हता.

कुणी म्हणेल, आपली माणसं लागतातच ना! लागतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. या मंडळांनी कितीजणांना पहिल्या थंडीत आधार दिला असेल. माझ्या त्या तीन पोरांनी मला सांभाळलं नसतं, तर मी खरंच परत आलो असतो. पण आधार वेगळा आणि कुंपण वेगळं. आणखी एक गोष्ट कबूल करतो, सगळा दोष आपलाच नसतो. भारतीय नाव दिसलं की काही घरमालक उत्तरच देत नाहीत, भाषा लवकर येत नाही, पार्टटाइम कामात जीव जातो. पण म्हणूनच जे दार उघडू शकतं ते तरी आपण वाजवायला हवं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यातले ते एक. बरोबरचे काही परतले, हे राहिले. आणि कसे राहिले? चिनी भाषा इतकी शिकले की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले, आणि चीन त्यांना अजून विसरलेला नाही. ना मोबाइल, ना नकाशा, वर युद्ध. सोलापुरात त्यांच्या जन्मघरी स्मारक आहे. इथून तासाभराची एसटी. हॉस्टेलमधल्या किती जणांनी ते पाहिलंय? हात वर करा. मी माझा करत नाही, कारण मीही ते जर्मनीहून परत आल्यावरच पाहिलं.

सर-मॅडमनाही एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण पुण्या-मुंबईला बस काढतो, ती काढाच. पण प्रथम वर्षाच्या पोरांना एक दिवस मोहोळ दाखवायला काय हरकत आहे? ज्वारी संशोधन केंद्र, देऊळ, बाजार. खर्च जवळपास शून्य.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. येत्या रविवारी झोप झाली की कॅन्टीनऐवजी गावात चहा प्या. चहावाल्याला त्याचं गाव विचारा. बाजारात भाकरीची ज्वारी कुठली आणि कडब्याची कुठली ते विचारा. पहिल्यांदा लाज वाटेल, वाटू द्या. ती लाज इथे दहा रुपयांच्या चहात जाते. तिथे मला ती घालवायला एक अख्खा हिवाळा आणि एक विषय लागला.

त्या आजींना मी निघताना मालदांडीचं चित्र दाखवलं होतं. त्यांनी कणसाकडे बघून विचारलं, "याची चव कशी असते?"

या वेळी मला सांगता आलं.

(माजी विद्यार्थी, मेकॅनिकल, २०१५ ची बॅच)