मिटवून टाका म्हणणाऱ्यांनो

सरपंच भाऊ, पोलीस पाटील काका, हेडमास्तर सर,

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. त्या संध्याकाळी तुम्ही तिघं एकाच सतरंजीवर बसला होतात आणि तिघंही एकच बोलत होतात. म्हणून वेगवेगळी तीन पत्रं लिहायची गरज वाटली नाही.

ज्या लेकरावर अत्याचार झाला ते कोण, घर कुणाचं, हे इथं येणार नाही. कळंब तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. लेकराची ओळख सांगायला कायद्यानंच बंदी केली आहे, आणि बरं केलं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. कोण, कधी, कुठं, किती वेळा, हे मला कळायच्या आधी तुम्हाला कळलं होतं. माझं दुखणं तेच आहे.

"पोरीची जात आहे, उद्या लग्न करायचं आहे, मिटवून टाका." हे वाक्य पहिल्यांदा तुमच्यापैकी कोण बोललं ते मी सांगत नाही. पण उरलेल्या दोघांनी मान हलवली, ती मी पाहिली.

बदलापूरचं आठवतं? 2024 चा ऑगस्ट. चार-चार वर्षांच्या दोन लेकरांवर शाळेत अत्याचार झाला. आईबापांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला हजारो माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली. आपल्या कळंबला रेल्वे आली तीच त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, वर्ध्याहून. रुळावर बसायची सवय आपल्याला कुठली! पण आपणही गप्प बसलो नव्हतो. तुम्ही गाडी केली, बायांना बसवलं, तहसील कार्यालयात निवेदन दिलं, फोटो काढला. 'आरोपीला फाशी द्या' असं निवेदनाच्या वर ठळक अक्षरात होतं. भाऊ, ती मागणी तुम्हीच वाचून दाखवली होती.

मग शाळेत पालकसभा झाली. सर, तुम्ही म्हणालात, "माझ्या शाळेतल्या पोराच्या केसालाही धक्का लागू देणार नाही." पाटील काका, तुम्ही म्हणालात, "रात्री बारा वाजता हाक मारा, मी उभा आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. आयांना आणखी काय पाहिजे असतं?

आणि मग हाक मारली, तेव्हा तुम्ही कुठं उभे होतात काका? उभे होतात, पण ज्यानं हे केलं त्याच्या अंगणात. तो तुमच्या भावकीतला निघाला.

बदलापूरचा आरोपी परका होता. त्याला फाशी मागायला आपल्या गाठीचं काही जात नव्हतं. त्याला पुढं पोलिसांच्या गोळ्या लागल्या, तर त्याचेही पेढे वाटणारे लोक होते. पण आपल्या गावातला, आपल्याबरोबर पोळ्याला बैल सजवणारा, तेरवीच्या पंगतीत वाढणारा माणूस निघाला की फाशीचं एकदम 'समजावून सांगू' होतं, ते कसं? 2019 मध्ये सरकारनं लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातल्या शिक्षा वाढवल्या, अगदी वाईट गुन्ह्याला फाशीसुद्धा ठेवली. त्याचं आम्हाला काय? खटला उभाच राहू द्यायचा नाही असं गावानं ठरवलं, तर शिक्षा दहा वर्षांची असो की फाशीची, वहीत लिहिलेलीच राहणार.

आणि दोष कुणाला लावलात? आईला. "आई वावरात गेली होती ना? मग लेकराकडे लक्ष कोण देणार?"

कापूस फुटला की या तालुक्यातली कोणती मजूर बाई घरी बसते, सांगा. कमरेला फडकं बांधून, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटेस्तोवर ती वेचते आणि किलोवर मजुरी घेते. लेकराच्या मागं फिरली तर संध्याकाळी काट्यावर काय ठेवेल? आणि भाऊ, त्या दिवशी ती कुणाच्या वावरात वेचत होती? तुमच्या. तुमचा कापूस घरी आला, तेव्हा ती कशी आई आहे हे तुम्हाला आठवलं नव्हतं.

त्या आईनं तिचं काम केलं होतं. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श अंगणवाडीत शिकवला, तो तिनं घरीही शिकवला. कुणी असं काही केलं तर ओरडायचं, पळायचं, येऊन सांगायचं. लेकरानं येऊन सांगितलं. आईनं ऐकलं, विश्वास ठेवला, मारलं नाही, गप्प बस म्हटलं नाही. किती घरांत एवढं होतं? 2007 मध्ये केंद्र सरकारनं महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अभ्यास केला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कसला ना कसला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगेही होते, मुलींच्या बरोबरीनं. तरी 'पोराला काय होतं' म्हणणारे बाप गावात पैशाला पासरी आहेत. बहुतेक लेकरं कुणालाच सांगत नाहीत. हे बोललं. आईच्या तोंडून ते तुमच्यापर्यंत आलं, आणि तिथंच अडकलं.

आता कायद्याचं. तुम्हाला तो माहीत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण सभेत तुम्हीच तो समजावून सांगितला होता. 2012 च्या 14 नोव्हेंबरला, बालदिनाचा मुहूर्त धरून, पॉक्सो लागू झाला. कलम 19 म्हणतं, असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल त्यानं तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. 'कळवावा' नाही, काका. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. बदलापुरात संस्थाचालकांवर गुन्हा झाला तो याचसाठी, वेळेत न कळवल्याबद्दल.

ते लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. आपल्या शेजारचा चंद्रपूर जिल्हा, राजुरा. 2019 मध्ये तिथल्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्या मुलींना तपासायला नेमलेल्या डॉक्टरवर, कळूनही पोलिसांना न सांगितल्याचा गुन्हा दाखल झाला. नागपूरला उच्च न्यायालयानं तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं 2 नोव्हेंबर 2022 ला तो पुन्हा उभा केला आणि सांगितलं, कळूनही न कळवणं हा साधासुधा नाही, गंभीर गुन्हा आहे. त्या डॉक्टरनं कुणाला हात लावल्याचा आरोप नव्हता. गप्प बसल्याचा होता.

तुम्ही तर गप्पही बसला नाहीत. तुम्ही बैठक घेतलीत.

आणि तुमच्या त्या बैठकीला कायद्यात किंमत किती? राजस्थानातल्या एका शिक्षकानं मुलीच्या बापाशी तडजोड केली आणि उच्च न्यायालयातून पॉक्सोचा गुन्हा रद्द करून घेतला. सर्वोच्च न्यायालयानं 7 नोव्हेंबर 2024 ला ते पुसून टाकलं. हा दोन घरांतला व्यवहार नाही, हे मिटवता येत नाही, असा त्याचा अर्थ. धुऱ्याचं भांडण पारावर मिटतं. हे नाही मिटत.

"ठाण्याची पायरी चढली की घराची अब्रू जाते," असंही तुम्ही म्हणालात. पण पायरी चढावीच लागते असं कुणी सांगितलं? लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो फौजदाराच्या दर्जाच्या बाईनं, आणि अंगावर खाकी नको, असं कायद्यातच लिहिलं आहे. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं आहे. त्या आईला हे एकानं तरी सांगितलं का? तिला तुम्ही लॉकअपची, पेपरात नाव येण्याची, कोर्टाच्या चकरांची भीती घातलीत. लेकराचं नाव पेपरात छापणं हाच गुन्हा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.

सर, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण तुमच्यावर माझा जास्त भरवसा होता. शासनानं शाळेत तक्रारपेटी सांगितली. 2022 मध्ये सखी सावित्री समिती सांगितली. बदलापूरनंतर पुन्हा फर्मान निघालं: कॅमेरे लावा, कर्मचाऱ्यांची पडताळणी करा, काही घडलं तर 24 तासांत कळवा. पेटी आहे, मी पाहून आले. तुमच्या ऑफिसच्या दारावर, तिसरीतलं पोर टाचा उंचावूनही पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर. शाळा रंगवली तेव्हा पेटीवरही निळा ऑइल पेंट मारला, चिठ्ठी टाकायची फट त्यातच बुजली. कॅमेरा एकच, तो झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून. झेंडा सुखरूप आहे सर, त्याची काळजी नाही.

आणि भाऊ, ग्राम बाल संरक्षण समिती. तुम्ही तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. काका आणि सरही तिच्यात आहेत. तिची बैठक कधी भरली? ताई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करत फिरते, ती बिचारी करणार तरी काय. लेकरासाठी सरकारनं गावात जी एक जागा केली, तिथं तुम्ही बसला नाहीत. आणि ज्या सतरंजीला कसलाच अधिकार नव्हता, तिच्यावर मात्र तिघं मांडी घालून बसलात.

मी तुमच्या विरुद्ध गाव उठवायला निघाले नाही. उद्याही पोलीस पाटलाचा दाखला तुमच्याचकडून घ्यायचा आहे, माझी पोरं तुमच्याच शाळेत जाणार आहेत. म्हणून एवढंच मागते. पेटी खाली आणा आणि तिची फट उघडा. समितीची खरी बैठक घ्या, बायांना बोलवा, आणि 1098 हा लेकरांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर त्यांच्या उंचीला लिहा. त्या आईच्या घरी जा. समजावायला जाऊ नका, माफी मागायला जा.

तक्रारीचं सांगायचं तर ती आता तुमच्या हातात राहिलेली नाही. ठाणेदारांकडे काल दिली. माझ्या आधी हे कुणाकुणाला माहीत होतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमची तिघांची नावं सांगितली.

तुमच्याच गावातली,
एक आई