सुटलेला टाका, भरलेले घर

काही महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात ७२ वर्षांच्या एक काकू नातीसह आल्या. रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून दसुतीचा एक तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर अर्धवट भरलेला मोर होता. पिसारा पूर्ण झाला होता, मान मात्र नव्हती. "डॉक्टर, दोन वर्षे हा असाच पडून आहे. एका घरात टाका घालायला जावे, तर सुई शेजारच्या घरात शिरते," त्या म्हणाल्या.

काकूंचा हात मांडीवर असताना स्थिर असतो, पण कप उचलताना किंवा सुई धरताना थरथरतो. हा कंपवात नव्हे. उतारवयात अनेकांना जडणारा आणि पुष्कळदा आनुवंशिक असणारा हा वेगळा कंप आहे. त्यावर औषधे आहेत, परंतु त्यांतले नेहमी वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला देता येत नाही आणि काकूंना दमा आहे. मी सहज म्हणून गेलो, "आता पुरे झाले भरतकाम. विश्रांती घ्या." ते वाक्य मला आजही सलते. हात थकला म्हणजे मनातला मोरही थकला, असे मी परस्पर ठरवून टाकले होते.

महिन्याभराने काकू पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी पिशवीऐवजी मोबाईल पुढे केला. पडद्यावर तोच मोर होता, मानेसकट. इतकेच नव्हे, तर तो मान वळवून बघत होता! नातीने त्यांना 'पिक्सेल स्टुडिओ' नावाचे अॅप उतरवून दिले होते. त्याची साधी आवृत्ती विनामूल्य आहे.

या चित्रकलेची जात आपल्या ओळखीची आहे. पडद्यावर आलेखकागदासारखी घरे असतात. ज्या घराला बोट लावावे, ते निवडलेल्या रंगाने पूर्ण भरते. दसुतीवर टाके मोजणारी किंवा ठिपके मोजून रांगोळी काढणारी व्यक्ती ही भाषा आधीपासूनच जाणते. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकावरील चित्रखुणा सुझन केअर या चित्रकर्तीने प्रथम आलेखकागदावर ३२ गुणिले ३२ घरे भरूनच रेखाटल्या होत्या.

थरथरत्या हाताला हे माध्यम का मानवते, ते पाहा. कागदावर हात हलला की रेघ वाकडी होते. येथे मात्र दोन बोटांनी चित्र मोठे करून एकेक घर बोटाच्या पेराएवढे केले, की हात थोडा हलला तरी तो त्याच घरात राहतो. चुकून शेजारचे घर भरलेच, तर उलट्या बाणाच्या खुणेने ते पूर्ववत करता येते. उसवण्याचे श्रम नाहीत, वाया गेलेला दोरा नाही.

आरंभ १६ गुणिले १६ घरांपासून करावा. म्हणजे एकूण २५६ घरे. पणती, तुळशीवृंदावन, चिमणी असा साधा विषय घ्यावा आणि रंग चारच ठेवावेत. चित्र झाले की त्या चौकटीची प्रत काढावी आणि प्रतीत फक्त ज्योतीची दोन-तीन घरे बदलावीत. मागील चौकट फिकट दिसत राहण्याची सोय असल्याने काय बदलले, ते कळत राहते. दोन्ही चौकटी आलटून पालटून दाखवल्या, की पणती तेवू लागते. स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली की डोळ्यांना हालचाल भासते, हेच चित्रपटाचेही तत्त्व आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून अशीच पडद्यावर उलगडली होती. तयार झालेले हलते चित्र घरच्यांना पाठवताही येते.

आता काही पथ्ये. कोपर टेबलावर टेकवावे आणि मोबाईल उभ्या आधारावर ठेवावा, म्हणजे मान वाकत नाही. टॅब असल्यास अधिक बरे. बोटाऐवजी जाड मुठीची स्पर्शलेखणी चालते. दर २० मिनिटांनी दूरवर पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात, कारण पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा. अॅपमध्ये जाहिराती येतात आणि जादा सोयींसाठी पैसे मागितले जातात, म्हणून पैसे भरण्याच्या व्यवस्थेला कुलूप घालून देणे हे घरच्यांचे काम.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती आहे. पहिल्या दिवशी शेजारी बसा, पण बोट त्यांचेच असू द्या. "द्या, मी करून देतो" हे वाक्य प्रेमाने म्हटले, तरी ते हातातला मोबाईल आणि मनातली उमेद दोन्ही काढून घेते. एक घर भरायला अर्धे मिनिट लागले, तर अर्धे मिनिट थांबा.

हा कंपावरचा उपचार नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. काकूंचा कंप होता तेवढाच आहे. नव्याने सुरू झालेला कंप डॉक्टरांना दाखवावाच. त्यामागे थायरॉइडचा विकार किंवा दम्यावरची काही औषधेही असू शकतात. हात स्वस्थ असताना कापत असेल, चाल मंदावली असेल, अंग ताठरले असेल, तर कंपवाताची तपासणी आवश्यक आहे. एका बाजूची शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर क्षणभरही न दवडता रुग्णालय गाठावे.

गेल्या आठवड्यात काकू येऊन गेल्या. दसुतीवरच्या मोराला आता मान फुटते आहे. पडद्यावरची घरे मोजून काकू सांगतात, "निळ्याची तीन घरे, मग एक सोड," आणि नात टाका घालते. तपासणीनंतर जाताना काकू म्हणाल्या, "डॉक्टर, विश्रांती नंतर घेईन. अजून तुरा बाकी आहे."