जुना रंधा की नवा?

आमच्या धाकट्याने सुतारकाम शिकायला घेतले आणि घरात वाद सुरू झाला: रंधा जुना घ्यावा की नवा? अब्बा म्हणाले, "जुन्या लोखंडाची बातच और!" आम्ही हौसेने बाजारातून जुना चार नंबरचा रंधा उचलून आणला. घरी गंज उतरवला, तेव्हा तोंडापाशी बारीक तडा दिसला. पैसे पाण्यात गेले.

चूक आमचीच. अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेलीची पेटंटे घेतली. तेव्हापासून लोखंडी रंध्याची ठेवण फारशी बदललेली नाही. म्हणून जुना रंधा आजही उत्तम चालतो, पण पारखून घ्यावा लागतो. गंज निघतो, तडा निघत नाही. पात्याची लांबी पुरेशी उरली आहे का, स्क्रू सहज फिरतो का, पट्टी लावल्यावर तळ सपाट दिसतो का, हे पाहावे.

चांगल्या नव्या रंध्याचे पाते जाड, तळ सरळ. पण किंमत भारी. स्वस्त नव्याचा तळ मात्र बहुधा घासावाच लागतो.

नीट न चालणाऱ्या रंध्याने शिकणाऱ्याचे मन कामावरून उडते. म्हणून जाणकार सोबत असेल तर जुना घ्यावा, नसेल तर नवा. या खेपेस धाकट्याबरोबर अब्बा जाणार आहेत.