वळू, बैल आणि पिकादोरचा घोडा

मराठी कलासमीक्षेत ‘बैलझुंज’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्याकडे संशयाने पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. गोयाची 1816 सालची ‘तौरोमाकिया’ ही 33 मुद्राचित्रांची मालिका असो वा पिकासोने त्याच नावाने 1957 साली केलेली 26 चित्रे असोत, समीक्षक निःशंकपणे हा शब्द वापरून मोकळा होतो. झुंज म्हटली की दोन तुल्य जनावरे डोळ्यांसमोर येतात. तशी झुंज गोव्याच्या धिरयोत होते. उच्च न्यायालयाने 1996 साली तिच्यावर बंदी घातली. स्पेनच्या कोरिदात मात्र एका बाजूला माणूस असतो आणि शेवट बहुधा आधीच ठरलेला असतो. ‘झुंज’ हा शब्द त्यामुळे निदान वादग्रस्त आहे. ‘बैल’ हा शब्द मात्र सरळसरळ चुकीचा आहे.

निलंगा-देवणी-उदगीर या पट्ट्यातला शेतकरी देवणी जनावरांत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगभेद ओळखतो. पण त्याआधी समोरचे जनावर गोऱ्हा आहे, खोंड आहे, बैल आहे की वळू, हे तो पाहतो. बैल म्हणजे खच्ची केलेला, वेसण घातलेला, जुवाखाली मान दिलेला. वळू यातले काहीच नसतो. शिवमंदिरासमोरचा दगडी नंदी वृषणांसह कोरलेला असतो आणि भाविक त्यांना हात लावूनच पुढे पिंडीचे दर्शन घेतो. जी दृश्यसंस्कृती दगडातही हा भेद विसरत नाही, तिची समीक्षा तो कागदावर विसरते! स्पॅनिश भाषेतही ‘तोरो’ वेगळा आणि ‘ब्वेई’ वेगळा. रिंगणात मरतो तो तोरो. नाकारलेल्या तोरोला रिंगणाबाहेर नेण्यासाठी जी माणसाळलेली, खच्ची केलेली जनावरे आत सोडतात, ती आपल्या बैलांची भावंडे. 2008 साली एका मराठी चित्रपटाने आपले नाव ‘वळू’ असे नेमके ठेवले; समीक्षेला तेवढा नेमकेपणा साधलेला नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. शब्द चुकला की तुलनेचा अक्ष चुकतो. तैयब मेहता यांच्या 1956 सालच्या ‘ट्रस्ड बुल’ या चित्राची चर्चा बहुधा ‘गेर्निका’तल्या वृषभापासून सुरू होते आणि आदिम शक्ती, पौरुष, हिंसा या ठरावीक संज्ञांवर येऊन थांबते. वृषभाला वृषभाशी जोडले की तौलनिक अभ्यास झाला, असा हा हिशेब आहे. परंतु ‘गेर्निका’त (1937) वृषभ उभा आहे, कोसळतो तो घोडा, त्याच्या अंगातून भाला आरपार गेलेला. 1945 साली छापून आलेल्या एका मुलाखतीत पिकासोने वृषभाला पाशवीपणाशी आणि घोड्याला जनतेशी जोडले होते. एरवी असे अर्थ सांगायला तो नाखूष असे, हे मान्य केले तरी चित्राची मांडणी तेच सांगते.

आणि हे पिकासोपुरते मर्यादित नाही. आधुनिक स्पॅनिश चित्रकलेत कोरिदाची टीका जिथे सर्वाधिक धारदार होते, तिथे घोडा आहे. दारीओ दे रेगोयोसच्या 1894 सालच्या ‘उत्सवाचे बळी’ या चित्रात मेलेले घोडे आहेत. इग्नासिओ थुलोआगाच्या 1910 सालच्या जवळजवळ त्याच नावाच्या चित्रात थकलेला पिकादोर रक्ताळलेल्या घोड्यावर वाकून बसला आहे. मातादोर नाही, तोरोही नाही. कारण व्यवहारातले आहे. पिकादोरचा घोडा म्हणजे काम संपलेले, स्वस्तात मिळालेले जनावर. त्याचे डोळे बांधून त्याला तोरोच्या शिंगांपुढे उभे केले जाई. अंगावर ‘पेतो’ हे जाड आच्छादन सक्तीचे झाले ते 1928 साली. त्याआधी रिंगणात अनेकदा तोरोंपेक्षा घोडेच अधिक मरत. तोरोला निदान नाव असे, वंशावळ असे, त्याच्या शौर्याची चर्चा होई. घोड्याच्या वाट्याला यातले काही येत नसे.

आता तैयब यांच्या चित्राकडे पुन्हा पाहावे. तिथे प्रतिस्पर्धी नाही, रिंगण नाही, प्रेक्षक नाही. पाय आवळून जमिनीवर पाडलेले, मान पिळवटलेले शरीर तेवढे आहे. वांद्र्याच्या खाटिकखान्याशी या प्रतिमेचा संबंध होता आणि तिथेच चित्रण करून त्यांनी ‘कूडल’ (1970) हा लघुपट केला. चित्राच्या इंग्रजी नावात ‘बुल’ आहे, हा आक्षेप अपेक्षित आहे. पण मुंबई राज्यात 1948 आणि 1954 च्या कायद्यांनी शेतीच्या उपयोगाच्या जनावराच्या कत्तलीला मनाई केली होती. कायद्याच्याच हिशेबाने खाटिकखान्यात पोचायचे ते निरुपयोगी ठरलेले जनावर. तैयब यांच्या या प्रतिमेचा स्पॅनिश सहोदर शोधायचाच असेल, तर तो रेगोयोसच्या, थुलोआगाच्या घोड्यात आहे. ‘गेर्निका’च्या वृषभाशी तिचे नाते शिंगांपुरतेच.

देशीवादी वाचकाला हे ऐकून समाधान वाटण्याची शक्यता आहे. त्याने घाई करू नये. परकीय तोरो हटवून तिथे पोळ्याचा सजवलेला बैल बसवला की आपली परंपरा सापडली, ही समजूतही तितकीच उसनी आहे. तिचा उगम शहरातल्या दिवाणखान्यात आहे. खांदमळणीच्या संध्याकाळी हळद-लोणी लावले जाते ते जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला. कारहुणवीला वा पोळ्याला पूजा करणारा हात आणि बैल थकल्यावर त्याचा कासरा बाजारात दुसऱ्याच्या हाती देणारा हात एकाच माणसाचा होता, आणि त्याला यात विसंगती वाटत नव्हती. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाचा प्रश्न त्यानंतर गोठ्यातच राहिला. ‘श्रद्धा’ आणि ‘क्रौर्य’ ही जोडी वापरून हा व्यवहार वाचता येत नाही. त्यासाठी श्रमाची परिभाषा हवी आणि ती मराठी समीक्षेने रूपवादाच्या भरात दूर सारली आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘ट्रस्ड बुल’ लिलावात 60 कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले, तेव्हाही बोलणे झाले ते किमतीचे.

तैयब यांनी स्वतः मात्र ही दिशा सोडली नव्हती. 1999 साली त्यांनी रिक्षावर पडलेला वृषभ रंगवला. ओढणाऱ्या माणसाचे वाहन आणि ओढून संपलेले जनावर या दोघांना त्यांनी एकाच आकृतीत बसवले आहे. त्या चित्रापुढे ‘बैलझुंज’ हा शब्द उच्चारून पाहावा.